पडद्यावरचं हॉटेल

एका जगप्रसिद्ध चित्राशी माझी ओळख श्रीरामपुरातल्या एका फोटो स्टुडिओत झाली, आणि त्या ओळखीपायी माझं जमत आलेलं लग्न मोडलं. हे सांगितलं की लोक हसतात. आता मीही हसते. तेव्हा मात्र ते मोडायच्या आधी आठ दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं आणि आई भाकऱ्या थापताना नको तेवढा जोर काढत होती.

चित्र तुम्ही पाहिलेलं असणार. हल्ली ते चहाच्या कपांवर असतं, कापडी पिशव्यांवर असतं, दातांच्या दवाखान्यात तर हमखास असतं. परदेशातल्या एका जुन्या गावातला रस्ता आहे, वेळ रात्रीची. डाव्या हाताला हॉटेल. हॉटेलापुढं रस्त्यालगत ओटा केलाय आणि त्यावर टेबलं-खुर्च्या मांडल्यात. वर छत ओढलेलं, भिंतीवर एक मोठा दिवा. त्या एका दिव्यानं भिंत, छत, जमीन सगळं पिवळंजर्द करून टाकलंय. आतल्या बाजूला काही माणसं बसलीत, त्यांच्यात पांढऱ्या कपड्यातला वेटर उभा आहे. दारात आणखी कुणीतरी आहे, अंधारलेलं. आत निघालंय की बाहेर ते कळत नाही. पुढची टेबलं मात्र रिकामी. रस्ता दगडी फरसबंदीचा. हॉटेलातला उजेड दगडांवर पडलाय आणि दगड निळे, जांभळे, गुलाबी दिसताहेत. चार माणसं चाललीत, त्यांत एक बाई शाल पांघरलेली. लांबून घोडागाडी येतेय. उजवीकडची घरं अंधारात, एखाददुसऱ्या खिडकीत दिवा. वर निळंशार आकाश आणि चांदण्या, त्याही इतक्या मोठाल्या, की माझ्या वर्गातल्या पोरानं काढल्या असत्या तर मी त्याला टोकलंच असतं.

चित्रकाराचं नाव मी सांगत नाही. मला ते फार उशिरा कळलं आणि त्यावाचून ह्या गोष्टीचं काही अडत नाही. मी ते चित्र पाहिलं तेव्हा माझ्या लेखी ते फोटोवाल्या काकांचं होतं.

काकांचा स्टुडिओ स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला होता. पुढं काऊंटर, मागं काळ्या पडद्याआड फोटो काढायची खोली. काका ख्रिस्ती होते, रविवारी चर्चहून आल्याशिवाय दुकान उघडायचे नाहीत, मग दारात नवरा-नवरी का ताटकळत असेनात. त्या खोलीत छताशी गुंडाळून ठेवलेले रंगवलेले पडदे होते. दोरी सोडली की पडदा खाली यायचा आणि तुम्ही पाहिजे तिथं पोचायचात. एक बाग होती, एक ताजमहाल, एक बंगल्याचा जिना आणि एक बर्फाचा डोंगर. आमच्या गावातली निम्मी जोडपी त्या बर्फाच्या डोंगरापुढं घाम पुसत उभी राहिलेली आहेत.

पाचवा पडदा ह्या चित्राचा. चर्चमधल्या एका सिस्टरनी बाहेरदेशातून आणलेलं कॅलेंडर काकांना दिलं होतं. वर्ष संपलं, तारखा फाटून गेल्या, चित्र काकांनी काऊंटरमागं चिकटवलं. पुढं एका पावसाळ्यात, लग्नसराई नसताना, त्यांनी ते मांजरपाटाच्या शिवलेल्या कापडावर मोठं करून रंगवलं. चार महिने लागले म्हणायचे. नक्कल हुबेहूब होती, पण काकांनी आपलंही चालवलं होतं. घोडागाडीचा टांगा केला होता. उजव्या कोपऱ्यातली झाडाची फांदी लिंबाची केली होती. आणि पुढची एक-दोन टेबलं मुद्दाम गाळली होती. तिथं ते खरं लोखंडी टेबल ठेवत, खरी खुर्ची ठेवत, टेबलावर खरी कपबशी, आणि डाव्या बाजूच्या बल्बला पिवळा जिलेटिनचा कागद लावत. रंगवलेली टेबलं कुठं संपतात आणि खरं टेबल कुठं सुरू होतं, हे फोटोत ओळखू येता कामा नये, अशी त्यांची जिद्द होती. "जोड दिसला तर मी कसला फोटोवाला," म्हणायचे.

इतकं करून त्या पडद्यापुढं कुणी बसत नव्हतं. लोकांना ताजमहाल हवा होता. दोन वर्षं पडदा गुंडाळलेलाच. तो मागून घेणारी पहिली गिऱ्हाईक मी.

तेव्हा माझं डी.एड. झालेलं होतं आणि एका शाळेत तात्पुरत्या जागेवर मी शिकवत होते. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. घरात आई, वडील आणि मी. वडील बांधकाम खात्यात रस्त्याच्या कामावर मुकादम. माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू झालं होतं आणि ते काम आईच्या धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या मामानं, अंगावर घेतलं होतं. मामा नगरला राहायचा. तिथल्याच विहारात ओळख झालेल्या एका कुटुंबातलं स्थळ त्यानं आणलं. मुलगा एमआयडीसीत कायम, घर स्वतःचं, आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेला. त्यांनी मुलीचा फोटो मागितला.

आईनं मला फोटोला पाठवताना बजावून पाठवलं. फोटो उभा पाहिजे, पायाच्या बोटांपर्यंत दिसला पाहिजे, साडीतला पाहिजे आणि बागेतला पाहिजे. ह्यात बागेचं एवढं काही नव्हतं, पण उभं असणं फार महत्त्वाचं. दाखवायचा फोटो बसलेला असला म्हणजे मुलगी ठेंगणी आहे किंवा तिच्या पायात काही खोट आहे, असं आमच्याकडं सरळ धरलं जायचं.

मी बागेपुढंच उभी राहणार होते, खरंच. काका बागेची दोरी सोडत होते आणि माझी नजर काऊंटरमागच्या त्या कॅलेंडरच्या कागदावर गेली. तो मी आधी कितीदा पाहिला होता, दहावीच्या फॉर्मच्या फोटोला, डी.एड.च्या फोटोला. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मला एकदम फॅमिली रूम आठवली.

ज्यांनी फॅमिली रूम पाहिली नाही त्यांना सांगते. आमच्या गावातल्या हॉटेलांत बायकांना बसायला मागं लाकडी खोपटं असायची, त्यांना मळकट पडदा. बाहेर रस्त्याच्या कडेला संगमरवरी टेबलांशी पुरुष बसायचे, पेपर वाचायचे, एका चहावर तास तास काढायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे. आम्ही आत. पंख्याचं वारं आत यायचं नाही. पडद्याच्या खालून फक्त चपला दिसायच्या. वडील पगाराच्या दिवशी हौसेनं मिसळ खायला न्यायचे, आणि आई पाच मिनिटांत उरकून पदरानं तोंड पुसून "चला" म्हणायची. तिथं बसून राहावं असं काही नव्हतंच.

आणि इथं ह्या कागदावर लोक दिव्याखाली, रस्त्याकडं तोंड करून, निवांत बसले होते. पुढची खुर्ची रिकामी होती. मला ती हवी झाली. मला परदेशी जायचं नव्हतं की बंड करायचं नव्हतं. त्या खुर्चीत जरा वेळ बसायचं होतं, एवढंच.

"काका, तो पडदा सोडा ना," मी म्हटलं.

काकांचा चेहरा जो फुलला तो अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. धूळ झटकत, शिंकत त्यांनी पडदा सोडला. टेबल हलव, खुर्ची सरकव, दिवा फिरव, असं त्यांचं अर्धा तास चाललं. उभं राहायचं मला आठवत होतं, पण हॉटेलात टेबलापाशी उभं कोण राहतं? मी बसले. एक हात कपाजवळ, नजर रस्त्याकडं. काकांनी बटण दाबलं आणि इतके खूष झाले की मला दारापर्यंत सोडायला आले.

फोटो हातात पडला त्या संध्याकाळी मामा घरी आलेला होता आणि पहाटेच्या गाडीनं परत निघणार होता. आईनं फोटो पाहिला आणि तिचा आवाज चढला. "उभी का न्हाई ऱ्हायलीस? आन् हे काय मागं? एवढी टेबलं रातची कोन पुसत आसंल?" वडिलांनी फोटो दिव्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. माझ्याकडं नाही, रस्त्याकडं. शेवटी म्हणाले, "दगड झ्याक बशिवल्यात. मधी उचललाय आन् पान्याला दोनी बाजूला उतार दिलाय. ह्या रस्त्यात पानी साचायचं न्हाई." वडिलांचं ते कौतुक ऐकून मी धन्य झाले. दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता. मामा तोच घेऊन गेला.

आठवड्यानं मामा परत आला तो घुश्शातच. उंबऱ्यातूनच म्हणाला, "आक्का, पोरीनं पार इज्जत घालवली."

झालं होतं असं. फोटो नगरच्या घरात हातोहात फिरला होता आणि काकांच्या कसबाला पूर्ण यश आलं होतं. जोड कुणालाच दिसला नव्हता. मुलगी रात्रीच्या वेळी हॉटेलाबाहेर बसलेली आहे, मागं चार पुरुष बसलेले आहेत, एक पांढऱ्या कपड्यातला तिच्याकडं बघतोय, हे सगळं त्यांनी खरंखुरं समजून घेतलं. मग प्रश्न उरला की हे हॉटेल कुठलं. मुलाच्या वडिलांचं मत पुणे पडलं. म्हणजे मुलगी पुण्याला राहून आलेली असणार आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. आत्या मात्र पुण्याचं नाव घ्यायला तयार नव्हत्या. त्यांच्या घराजवळ लष्कराचा कॅम्प. "ह्ये आपल्या कॅम्पातलंच हाय, मोठ्या सायबांचं. म्या सोता पाह्यलंय, असलीच पिवळी बत्ती हाय तितं," असं त्या छातीठोक सांगत होत्या. आता नगरच्या कॅम्पात साहेबांच्या हॉटेलात रात्री एकटी बसलेली मुलगी कोण सून करून घेणार?

"आन् वर बसलेला फोटो," मामा म्हणाला. "पाय बी न्हाई दिसत. त्यो इचार येगळाच."

मी हसले. ते हसणं मला महागात पडलं. आई मला त्या दिवशी बोलली एवढी कधी बोलली नव्हती. पडदा आहे, रंगवलेलं कापड आहे, हे मामानं त्यांना सांगून पाहिलं होतं, पण त्यांचा विश्वास बसेना. शेवटी ठरलं की त्यांनी श्रीरामपूरला यावं, मुलगीही बघावी आणि पडदाही बघावा. स्थळ चांगलं होतं. आधीची दोन परत गेली होती. आई रात्रभर कूस बदलत होती आणि सकाळी मला म्हणाली, "कुनी इचारलं तर सांगायचं, फोटोवाल्यानं बशिवलं. म्या बागंपुढं उभी ऱ्हात हुते, त्यानंच बशिवलं. ध्यानात ठिव." मी ध्यानात ठेवलं. लग्न मलाही करायचं होतं, आणि खोटं तरी किती एवढंसं.

पाहुणे तिघं आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. स्टँडवर उतरल्या-उतरल्या आत्यांनी जाहीर केलं, "आदी त्यो पडदा दावा, मंग पोहे." तेव्हा सगळी वरात स्टुडिओत. मी, आई, वडील, मामा, ते तिघं आणि काका. काकांनी खोली झाडून पडदा सोडून ठेवला होता, टेबल मांडलं होतं, पिवळा दिवा लावला होता. बाहेर भर दुपार आणि आत ही अशी रात्र. सगळे क्षणभर दारातच थबकले. आई तो पडदा पहिल्यांदाच पाहत होती.

त्या पाऊण तासात त्या चित्राचा जेवढा अर्थ लावला गेला तेवढा नंतर मी कुठल्या पुस्तकातही वाचला नाही. मुलाच्या वडिलांनी पुढं होऊन चित्रातल्या भिंतीवर बोट घासलं, बोटाला पिवळी भुकटी लागली, आणि पुणे रद्द झालं. ते जरा खट्टूच झाले. आत्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "ह्या बसल्यात त्यांच्यात बाया हायत का गडी?" त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, सगळे गडी. माझे वडील म्हणाले, एक-दोन बाया असाव्यात. काका म्हणाले, मूळ चित्रातही नीट कळत नाही, त्यांनी तसंच पुसट ठेवलंय. आत्यांना ते पटलं नाही. बाई आहे का पुरुष, हे पुसट कसं असू शकतं?

मुलगा मागं उभा राहून बघत होता. मग हळूच म्हणाला, "तो वेटर बघा. एवढे सगळे बसलेत आणि तो एकटाच उभा आहे. त्याची शिफ्ट सुटायची असेल अजून."

कुणी लक्ष दिलं नाही. मी दिलं. खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी त्या माणसाशी लग्न केलं असतं. पुढं कितीतरी वर्षांनी मला ह्या चित्राबद्दल बरंच कळलं. चित्रकार म्हणे रात्री रस्त्यातच बसून ते रंगवत होता, आणि रात्रीचं चित्र असून त्यात काळा रंग त्यानं वापरलाच नाही, सगळी रात्र निळ्या-जांभळ्यातून काढली. जाणकार त्या चांदण्यांबद्दल बोलतात, त्या दिव्याबद्दल बोलतात. मला मात्र ते चित्र कुठंही दिसलं की आधी तो वेटर दिसतो आणि दुसऱ्या पाळीवरून दमून घरी येणारा एक मुलगा आठवतो, ज्याच्याशी मी उभ्या आयुष्यात धड दोन वाक्यं बोलले नाही. आणि त्या रिकाम्या खुर्च्या दिसतात. मला वाटतं, चित्रकार स्वतः समोरच्या अंधारात उभा होता आणि आत जाऊन बसण्याएवढं त्याचं कुणी तिथं नव्हतं. पण हे माझं मत. मी काही चित्रातली जाणकार नाही, मी पोरांना बे एके बे शिकवते.

आता तो स्टुडिओ नाही. काकाही नाहीत. मी लग्न होऊन मिरजगावला आले, पुढची सगळी वर्षं तिथंच गेली, आणि श्रीरामपूरच्या त्या रस्त्याला आता मोबाईलची दुकानं आहेत. पडद्याचं काय झालं मला माहीत नाही. त्या खोलीतला डिस्टेंपरचा आणि तापलेल्या बल्बचा वास मात्र नाकात आहे. त्या वासासाठी मी काहीही देईन.

तर त्या दुपारी पडदा पडदाच आहे हे सगळ्यांना पटलं. मामा सुटकेनं हसायला लागला. आत्यांनी मला खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मी चालले. पायात खोट नाही हेही पटलं. मग त्या स्टुलावर टेकल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "समदं बराबर हाय पोरी. पन मला येक सांग. बाग हुती, ताजमहाल हुता. मंग ह्योच पडदा कशापायी?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पण माझ्या आधी काकाच बोलले. त्यांना कुणी पढवलं नव्हतं, ते आपणहून म्हणाले, "आत्या, चूक माझी आहे. पोरगी बागेपुढं उभी राहत होती. माझा पडदा पडून होता, म्हटलं एक फोटो काढून बघू. मीच बसवलं तिला."

मुलाच्या वडिलांना बहुतेक पुणे चुकल्याचा राग काढायचाच होता. "लग्नाच्या पोरीला आसं बशिवत्यात व्हय?" ते काकांवर कडाडले. "तुमाला लेकीबाळी हायत का न्हाई? उतरवा त्यो पडदा. दुसऱ्या कुना पोरीच्या नशिबाला यायला नगं." मामानं लगेच री ओढली. माझे वडील खाली बघत राहिले. काकांनी मान हलवली आणि पडदा गुंडाळायला दोरीला हात घातला. चार महिने रंगवलेलं ते कापड. त्यांची मान खाली होती आणि दोरीची गाठ त्यांना सुटत नव्हती.

मला ते बघवलं नाही.

"काका खोटं बोलताहेत," मी म्हटलं. "त्यांनी नाही बसवलं. पडदा मी मागून घेतला. मला तिथं बसावंसं वाटलं."

आत्यांनी विचारलं, "रातच्याला? हाटेलाच्या भाईर?"

"हो."

"कुनासंगं?"

"एकटीनं," मी म्हटलं.

आत्या उठल्या. त्यांचा मला राग येत नाही आता. आईविना पोराला त्यांनी वाढवलं होतं आणि त्याच्यासाठी त्या जपून पाऊल टाकत होत्या. जाता जाता आईपाशी थांबून त्या म्हणाल्या, "पोरगी शिकिवली बाई तुमी, पन वळन लावायचं ऱ्हायलं." मुलानं दारातून एकदा वळून पडद्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. घरी पोहे भिजवून ठेवले होते. ते पोह्यांना थांबले नाहीत.

मामा माझ्यावर जो सुटला तो सुटलाच. तोंड आवरता येत नाही, आईबापाला खाली बघायला लावलं, आता नगरात ह्या पोरीचं नाव काढायची सोय राहिली नाही. मी रडत होते. खरं बोलल्याचं मोठं समाधान वगैरे मला काही वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती. बावीस वर्षांची मी, आणि वाटत होतं की सगळं संपलं. वडील भिंतीला टेकून उभे होते, ते तर डोळे पुसत होते. शेवटी मामा काकांना म्हणाला, "झालं ते झालं. बाग सोडा. हिचा उभा फोटो काढा आत्ताच्या आत्ता. पुढच्या स्थळाला तरी नीट फोटो जाऊ द्या."

मी निमूटपणे उठले, तोंड पुसलं. काकांनी बागेची दोरी धरली.

"थांबा भाऊ," आई काकांना म्हणाली.

आई इतका वेळ एका कोपऱ्यात बसून त्या पडद्याकडंच बघत होती. आता ती उठली, पडद्यापाशी आली, त्या लोखंडी टेबलावरनं हात फिरवला.

"ह्याच्यात आनिक दोन खुर्च्या मावतील का?"

काकांना कळेना. मामा म्हणाला, "आक्का, डोकं ठिकानावर हाय का तुजं?"

"हाय. तू गप ऱ्हा जरा."

काकांनी बाहेरून काऊंटरची खुर्ची आणली, आतलं स्टूल आणलं. आईनं मला माझ्या जागी बसवलं. वडिलांकडं नुसतं पाहिलं, तसे ते टोपी काढून हातात घेऊन येऊन बसले. मग ती स्वतः बसली, माझ्या शेजारी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, दिव्याच्या अगदी उजेडात. काका यंत्रामागं गेले आणि परत बाहेर आले. त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"ताई, हा लग्नासाठीच पाठवायचा ना?"

"व्हय," आई म्हणाली. तिनं माझा हात टेबलावर ओढून घेतला आणि आपल्या हातात घट्ट धरला. "ह्योच पाठवायचा. आन् इचारलंच कुनी, की पोरगी रातची हाटेलात कुनासंगं बसलीया, तर सांगायचं, आईसंगं बसलीया."